वही सरांना द्यायची का?

पत्र नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. घरी पावरी ही आदिवासी भाषा बोलतात, ती सध्या पुण्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि होस्टेलवर राहते. पत्र मोठं आहे म्हणून मुद्द्याचं तेवढंच इथे देतेय:

"ताई, आजी सांगते त्या गोष्टी मी लॉकडाऊनपासून लिहून ठेवतेय, याहामोगी देवीच्या, डोंगरांच्या, आणि गावात फॉरेस्टवाल्यांनी काय काय केलं त्याच्या पण. दोन वह्या भरल्यात. ओळखीच्या एका सरांना दाखवल्या तर म्हणाले मला दे, माझ्या पुस्तकात घेतो, प्रस्तावनेत तुझे आभार मानतो. गार्डने आजोबांचे बैल सोडून नेले ते प्रकरण काढ म्हणाले, उगाच वाद होतील. सगळं प्रमाण मराठीत कर, पावरी शब्द चार-दोन ठेव, मागे अर्थाची यादी देऊ. रूममेट म्हणते इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, तू अजून वसाहतवाद वसाहतवाद काय करतेस. बाबा म्हणतात लिहून काय होणार, तलाठ्याची परीक्षा दे. शनिवारी सरांनी वह्या घेऊन बोलावलंय. बाकीच्या देशातल्या आदिवासींनी पण असं लिहिलंय का? त्यांचं कोणी ऐकलं का?"

हे बघ, आधी शनिवारचं सांगते, ते तातडीचं आहे. भेटायला जा, पण वह्या नेऊ नकोस, झेरॉक्स पण नको आणि मोबाईलवर पानांचे फोटोही पाठवू नकोस. सर चांगले असतील, त्यांचा हेतू पण चांगला असेल, मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही आणि मी काही म्हणतही नाही. पण त्यांनी जे तीन बदल सुचवलेत ना, पुस्तकावर नाव त्यांचं, बैलांचं प्रकरण नको आणि भाषा त्यांची, हे तिन्ही बदल तुझ्याआधी बऱ्याच जणांना सुचवले गेलेत, लांबलांबच्या देशांत, आणि त्यांचं पुढे काय झालं ते आता कागदोपत्री सापडतं. म्हणून तू विचारलंस ते बरं झालं.

नावापासून सुरू करते. ऑस्ट्रेलियात डेव्हिड उनायपॉन नावाचा माणूस होता, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी न्गारिन्जेरी लोकांमधला, 1872 चा जन्म. मिशनच्या वस्तीवर वाढला, खूप वाचायचा, मेंढ्यांची लोकर कातरायच्या यंत्रात सुधारणा करून 1909 मध्ये त्याने तिचं पेटंट पण काढलं होतं. 1920 च्या दशकात तो गावोगाव फिरून आपल्या आणि आसपासच्या लोकांच्या कथा गोळा करायला लागला आणि स्वतःच्या भाषेच्या ढंगात इंग्रजीत लिहायला लागला. हस्तलिखित एका मोठ्या प्रकाशकाकडे दिलं. प्रकाशकाने ते विल्यम रॅम्से स्मिथ नावाच्या डॉक्टरला विकलं आणि 1930 मध्ये लंडनहून पुस्तक आलं ते या डॉक्टरच्या नावाने. उनायपॉनचं नाव त्यावर नव्हतं. आभारात पण नाही, म्हणजे तुझ्या सरांनी निदान आभाराचं तरी कबूल केलंय. पुढे सत्तर-एक वर्षं ते पुस्तक त्या डॉक्टरचंच समजलं गेलं. हस्तलिखित जपून राहिलेलं होतं म्हणून दोन अभ्यासकांना ते जुळवता आलं आणि 2001 मध्ये ते पहिल्यांदा उनायपॉनच्या नावावर छापलं गेलं. तो 1967 मध्येच वारला होता. ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र आहे 1995 पासून, म्हणजे देशाने त्याला नोटेवर आधी घेतलं आणि त्याच्या स्वतःच्या पुस्तकावर तो नंतर आला! मला हे आठवलं की अजून राग येतो.

पण सगळे सर सारखे नसतात हे पण सांगायला हवं, नाहीतर तू कोणावरच विश्वास ठेवणार नाहीस आणि एकटी पडशील. जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेट आहे, तिथले मूळ लोक म्हणजे ऐनू. जपान सरकारने बेट ताब्यात घेतलं, त्यांची शिकार आणि मासेमारी बंद पाडली, मुलांना जपानी शाळेत घातलं. 1899 मध्ये कायदा केला त्याच्या नावातच त्यांना 'भूतपूर्व आदिम रहिवासी' म्हटलं होतं आणि तो कायदा 1997 पर्यंत चालू होता. त्या लोकांत 1903 मध्ये चिरी युकिए नावाची मुलगी जन्मली. आत्या-मावशीसारख्या एका नात्यातल्या बाईकडे वाढली आणि त्या घरात तिची आजी होती, जुनी गाणी-कथा तोंडपाठ असलेली, तुझ्या आजीसारखीच. किंदाइची नावाचे भाषेचे प्रोफेसर तोक्योहून त्यांच्याकडे आले आणि त्या मुलीची तयारी बघून म्हणाले तू स्वतः लिही, मी मदत करतो. तिने तेरा गाणी निवडली. डाव्या पानावर रोमन लिपीत ऐनू, उजव्या पानावर तिचं स्वतःचं जपानी. गाणी कोण गातंय तर घुबड देव, कोल्हा, बेडूक, म्हणजे सगळं 'मी' करून. सुरुवातीला तिने छोटी प्रस्तावना लिहिली, त्यात सरळ म्हटलंय की हे मोठं बेट एके काळी आमच्या पूर्वजांचं मोकळं रान होतं. सप्टेंबर 1922 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी, पुस्तकाचं काम हातावेगळं केल्या-केल्या ती हृदयाच्या आजाराने गेली. 1923 मध्ये पुस्तक आलं ते तिच्या नावावर आणि आज शंभर वर्षांनी पण ते तिथे छापलं जातंय, वाचलं जातंय.

तर शनिवारी सरांना हेच म्हण, की सर तुम्ही प्रस्तावना लिहा, प्रकाशक बघून द्या, लेखिका म्हणून नाव माझं आणि सांगणारी म्हणून आजीचं. किंदाइचींनी जेवढं केलं तेवढं ते करू शकतात आणि त्यात त्यांचा मान काहीच कमी होत नाही.

आता बैलांचं प्रकरण. इथे मी तुझ्याशी जरा कडक बोलणार आहे कारण पत्रात तू लिहिलंयस की 'ते काढलं तरी बाकीचं राहतंच ना'. मरिया कॅम्बेल ही कॅनडातली मेटिस लेखिका. मेटिस म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या आणि युरोपियन व्यापाऱ्यांच्या मुलाबाळांतून तयार झालेला समाज, जमिनीवरून हुसकला तेव्हा सरकारी रस्त्याच्या कडेच्या पट्टीत राहायला लागलेला. तिने 1973 मध्ये आत्मकथा लिहिली, ती गाजली, शाळा-कॉलेजात लागली. त्यात एक प्रसंग होता, ती चौदा वर्षांची असताना पोलीस घरात आले आणि त्यातल्या एकाने तिच्यावर बलात्कार केला. प्रकाशकाला भीती वाटली की पोलीस कोर्टात जाऊन पुस्तक थांबवतील. त्यांनी ती पानं काढली, तिला न विचारता काढली, पुस्तक हातात आलं तेव्हा तिला कळलं. पंचेचाळीस वर्षं लोक ते पुस्तक वाचत होते आणि त्यांना प्रश्न पडायचा की ही मुलगी एकदम अशी का कोसळली, कारण कारणच छापलेलं नव्हतं. 2018 मध्ये दोन संशोधक बायांनी जाहीर केलं की ती पानं एका विद्यापीठाच्या संग्रहात, प्रकाशकाच्याच कागदपत्रांत सापडलीत, आणि 2019 च्या आवृत्तीत ती परत आली. ती तेव्हा जवळपास ऐंशी वर्षांची होती.

आता तुझी वही बघ. तू लिहिलंयस की बैल गेले त्या वर्षी नांगर चालला नाही, आजोबा गुजरातेत मजुरीला गेले आणि आजीने त्या पावसाळ्यात तुझ्या बाबांना झोपवताना भूक लागू नये म्हणून मोठ्या-मोठ्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. म्हणजे तुझ्या अर्ध्या गोष्टी त्या बैलांमुळे आहेत! ते प्रकरण काढलं तर याहामोगीच्या कथा राहतील खऱ्या, पण त्या कुठल्या घरात आणि कशासाठी सांगितल्या गेल्या ते जाईल, आणि मग तो छान-छान लोककथांचा संग्रह होईल जो कोणालाही अडचणीचा नाही. गार्डचं नाव बदल, नाक्याचं नाव बदल, वर्ष 'त्या साली' कर, त्याने कायद्याची भानगड बरीच टळते. पण प्रसंग ठेव.

आणि हेच तुझ्या रूममेटला पण उत्तर आहे. इंग्रज गेले बरोबर आहे. पण आजोबांचे बैल ज्या कायद्याखाली नेले तो 1927 चा भारतीय वन कायदा आहे, इंग्रजांनी केलेला, आणि तो अजून लागू आहे. वनहक्क कायदा यायला 2006 उजाडलं. तिला केनियाचं पण सांग. केनिया 1963 मध्ये स्वतंत्र झाला. तिथले लेखक न्गुगी वा थिओंगो आधी इंग्रजीत लिहायचे, 1977 मध्ये त्यांची एक इंग्रजी कादंबरी आली, त्यात नव्या राज्यकर्त्यांवर चांगलीच टीका होती, पण कोणी हात लावला नाही. त्याच वर्षी त्यांनी कामिरिथू गावात गिकुयू भाषेत नाटक लिहिलं, सोबत आणखी एक लेखक होते, आणि नट म्हणजे तिथलेच मजूर-शेतकरी, संवाद त्यांनीच तालमीत दुरुस्त केले. जमीन कोणी लाटली हा विषय. थोडेच प्रयोग झाले, सरकारने परवानगी काढून घेतली आणि 31 डिसेंबरला न्गुगींना उचललं. खटला नाही काही नाही, वर्षभर कडक पहाऱ्याच्या तुरुंगात. तिथे मिळणाऱ्या टॉयलेट पेपरवर त्यांनी गिकुयूतली आपली पहिली कादंबरी लिहिली. ती छापून आल्यावर लोक घरी आणि दारूच्या गुत्त्यात बसून एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचे, ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकायचे. गोरे साहेब जाऊन चौदा वर्षं झाल्यावर ही अटक झालेली आहे, आणि ती मायभाषेतल्या नाटकावरून झालीय.

भाषेचा मुद्दा तिथेच येतो. मी तुला सगळं पावरीत लिही असा हट्ट करणार नाही, तुझ्या वह्या तू अर्ध्या मराठीत लिहिल्यास आणि ती पण तुझीच भाषा आहे आता. पण मागे यादी द्यायची का, हे सरांनी ठरवायचं नाही. न्यूझीलंडच्या पॅट्रिशिया ग्रेस बघ, माओरी आहेत, 1937 चा जन्म. त्यांच्या आधीच्या पिढीला शाळेत माओरी बोललं म्हणून मार बसायचा. 1975 मध्ये त्यांचा पहिला कथासंग्रह आला, माओरी बाईचा छापून आलेला तो पहिला. 1986 मध्ये त्यांनी कादंबरी लिहिली, समुद्रकाठचं गाव आणि त्याची जमीन मागायला आलेले बिल्डर, असा विषय. त्यात माओरी शब्द तिरक्या टायपात नाहीत, मागे यादी नाही, आणि शेवटचा मजकूर तर पूर्ण माओरीत आहे, भाषांतर न देता सोडलेला. तेव्हा लोकांनी कुरकुर केली. ग्रेस यांचं म्हणणं एवढंच की आपल्याच देशात आपली भाषा परकी असल्यासारखी का छापायची. आज ती कादंबरी तिथे शाळा-कॉलेजात शिकवतात. आपण नाही का लहानपणी रशियन गोष्टींत समोवार वाचलं, कोणी यादी दिली नव्हती, कळलंच ना?

त्यांचं पुढचं पण ऐक, कारण बाबांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. कादंबरीनंतर बऱ्याच वर्षांनी खरोखरच सरकारी रस्ते खात्याला एक्सप्रेसवेसाठी त्यांची वायकानाएची जमीन हवी झाली. ती जमीन त्यांच्या पूर्वजाची, वी पराता यांची. या वी परातांनी 1877 मध्ये दुसऱ्या एका जमिनीसाठी कोर्टात केस केली होती आणि न्यायाधीशांनी तेव्हा असं म्हटलं होतं की इंग्रजांनी माओरींशी 1840 मध्ये केलेला वैतांगीचा करार कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे. शंभराहून जास्त वर्षं तो निकाल माओरींच्या डोक्यावर बसला होता. 2014 मध्ये पॅट्रिशिया ग्रेस कोर्टात उभ्या राहिल्या आणि जमीन सक्तीने घेता येणार नाही असा निकाल लागला. कादंबरीमुळे केस जिंकली असं मी अजिबात म्हणत नाहीये, ती जमीन पूर्वजांच्या वारशाची आणि माओरी राखीव म्हणून नोंदलेली होती, ते कामी आलं. पण ती नोंद जपणारी माणसं आणि ती कादंबरी लिहिणारी बाई एकाच घरातली आहेत.

बाबा विचारतात लिहून काय होणार, तर त्यांना खोटी आशा दाखवू नकोस, लगेच काही होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला यिरकला गाव आहे, तिथल्या योलंगू लोकांची जमीन 1963 मध्ये सरकारने त्यांना न विचारता बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून दिली. त्यांनी संसदेला अर्ज लिहिला, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत, टाईप केलेला कागद झाडाच्या सालीवर चिकटवला आणि भोवती आपापल्या कुळांची चित्रं रंगवली, म्हणजे आमची जमीन कुठली ते त्या चित्रांतच लिहिलेलं. मंत्र्यांनी सह्यांवर शंका घेतली तेव्हा थोरल्यांचे अंगठे लावून दुसरा पाठवला. संसदेने समिती नेमली, पण खाण झालीच. मग ते कोर्टात गेले आणि 1971 मध्ये हरले. पण त्या हरण्यावरून एवढी चर्चा झाली की चौकशी आयोग बसला आणि 1976 मध्ये त्या भागासाठी, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीसाठी, जमीन हक्काचा कायदा आला. तेरा वर्षं गेली. ते सालीवरचे अर्ज आज कॅनबेराच्या संसद भवनात लावलेले आहेत.

आणि हवाईचं. अमेरिका बेटं गिळायला निघाली तेव्हा 1897 मध्ये हवाईच्या लोकांनी बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या सह्या गोळा केल्या, बायका यात फार पुढे होत्या. एकवीस हजारांच्या वर सह्या झाल्या आणि तेव्हा तिथले मूळ लोक होते चाळीस हजारांच्या आसपास, तर विचार कर. चार जण ते कागद वॉशिंग्टनला घेऊन गेले आणि विलीनीकरणाचा करार खरंच बारगळला. पुढच्या वर्षी युद्धाच्या गडबडीत दुसऱ्या वाटेने साधा ठराव करून बेटं घेतलीच. नंतर पुस्तकांत काय लिहिलं गेलं तर हवाईच्या लोकांनी विरोध केला नाही! 1996 मध्ये नोएनोए सिल्व्हा नावाची हवाईचीच एक संशोधक वॉशिंग्टनच्या सरकारी दफ्तरात गेली तेव्हा ते सगळे कागद तिथे होते. ती नावं बेटांवर लोकांसमोर मांडली तेव्हा माणसं रांगेत उभी राहून आपल्या पणज्यांची सही शोधत होती.

बाबांना हे सांग, आणि तलाठ्याची परीक्षा पण दे. मनापासून सांगतेय, दे. पॅट्रिशिया ग्रेस शाळेत शिकवायच्या, सात मुलं वाढवली आणि त्यातून लिहिलं. सातबारा कसा वाचायचा, फेरफार कसा होतो हे कळणारी लेखिका आपल्याकडे आदिवासी भागातून आली तर मला फार आनंद होईल. दोन्हींत भांडण लावू नकोस.

सर म्हणाले ना की आदिवासींचं लेखन म्हणजे शेवटी लोककथाच, ते मात्र मनावर घेऊ नकोस. अमेरिकेतल्या लेली लाँग सोल्जर या लाकोटा आदिवासी कवयित्रीने मूळ रहिवाशांची माफी मागणाऱ्या 2009 च्या सरकारी माफीनाम्याची कायद्याची भाषा उचलून त्याच साच्यात कविता लिहिल्यात. अलेक्सिस राइट यांच्या जाडजूड कादंबरीला 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात मानाचा कादंबरी पुरस्कार मिळाला, त्यात खाणकंपनी आहे आणि सृष्टीचा सर्प पण आहे. आणि एवढं लांब कशाला, तुझ्याच जिल्ह्यातल्या वाहरू सोनवणेंची 'स्टेज' कविता वाच, आम्ही स्टेजवर गेलोच नाही आणि ते तिथे उभे राहून आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले, असं आहे ती. नजुबाई गावितांची 'तृष्णा' वाच. सरांना पण दे वाचायला.

आता कामाचं. आजीची मूळ कथा ही सगळ्या समाजाची असते, तिच्यावर कोणा एकाचा कॉपीराइट नाही, पण तू ती ज्या शब्दांत लिहिलीस ते लेखन कायद्याने तुझं आहे, 1957 च्या कॉपीराइट कायद्याखाली, कुठे नोंदणी केली नसेल तरीही. पानांना नंबर टाक, सगळं स्कॅन करून स्वतःलाच ईमेल कर म्हणजे तारीख राहील. हक्क कोणाला द्यायचे तर ते लेखी आणि सही करूनच देता येतात, तोंडी कबुलीला अर्थ नाही. करारात मुदत लिहून घे, नसेल लिहिली तर कायदा पाच वर्षं धरतो. आणि हक्क दिले तरी लेखिका म्हणून नाव लागायचा अधिकार कलम 57 मुळे तुझ्याकडेच राहतो, त्याच कलमाने कोणी तुझी नालस्ती होईल अशी मजकुराची मोडतोड केली तर तुला अडवता येतं. हे शनिवारी शांतपणे सांग, भांडू नकोस. सर 'विश्वास नाही का' म्हणाले तर म्हण की विश्वास आहे म्हणूनच लेखी करूया.

आणि एक काम शनिवारच्या आधी. आजीला फोन कर आणि विचार की यातल्या कुठल्या गोष्टी बाहेरच्यांना सांगितलेल्या तिला चालतील आणि कुठल्या घरातच ठेवायच्या. पूजेची गाणी असतात, ठराविक रात्रीच म्हणायच्या कथा असतात, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ती नको म्हणेल ती पानं छापायची नाहीत, मग सर मागोत, प्रकाशक मागो नाहीतर मी मागो. बैलांचं प्रकरण छापायचं की नाही हे पण तिलाच विचार, त्या सालातला पावसाळा तिने काढलाय. काय म्हणाली ते मला कळव.